ताटात न मोजलेला माणूस

अंबरनाथच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेल्या कामगारांना विचारा, कंपनीतलं काय आठवतं? यंत्रं, साहेब, संप हे सगळं मागाहून येतं. आधी आठवतं कॅन्टीन. सवलतीच्या कुपनावर मिळणारी डाळ, भात, उसळ, चपात्या आणि एखाद्या दिवशी अंडाकरी. मला त्याचं नवल वाटत नाही. आनंदनगरपासून बदलापूरपर्यंत माझ्या ओळखीच्या अनेक घरांत कमावत्या माणसाचं दिवसातलं सगळ्यात भरीव जेवण कारखान्यातच होत असे. १९४८ च्या कारखाना कायद्यात, अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे कॅन्टीन सक्तीचं करण्याची तरतूद होती. कामगार निवृत्त झाला की कुपन बंद. पगार थांबल्याची चर्चा घरात होते, पण थांबलेल्या उसळीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पगार आणि ताट यांचं नातं आपल्याकडे कागदावर मांडलं गेलं ते १९५७ साली. भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात किमान वेतन कसं काढायचं, हे ठरलं. आहाराचा हिशेब डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांच्या शिफारशींवरून घेतला. हे गृहस्थ पूर्वी कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. एका कमावत्या माणसामागे खाणारे तीन घटक धरले, म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुलं मिळून तीन. कापडसुद्धा चौघांना वर्षाला ७२ वार धरलं. आता या चौघांत आई-वडील कुठे आहेत? नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली या हिशेबात शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्नकार्य आणि म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी पंचवीस टक्के घालायला सांगितले. ते म्हातारपण कामगाराचं स्वतःचं, पुढे येणारं. घरात कोपऱ्यात बसलेला म्हातारा ताटात मोजायचा राहिलाच.

जगाचं लक्ष तेव्हा मुलांकडे होतं, आणि ते योग्यही होतं. साठच्या दशकात गरीब देशांत प्रथिनांचा मोठा तुटवडा आहे, अशी हाकाटी झाली. संयुक्त राष्ट्रांनी १९६८ साली या संकटावर अहवालच काढला. प्रथिनांच्या पावडरी, पीठं, नवनवे पदार्थ सुचवले गेले. त्या गदारोळात एका मराठी माणसाने शांतपणे आकडे तपासले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातले, जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख. त्यांचं म्हणणं असं की आपला माणूस जे धान्य आणि डाळ खातो, ते पोटभर मिळालं तर प्रथिनं बहुधा पुरतात. तुटवडा आधी पोटभर अन्नाचा आहे. मला हा युक्तिवाद फार आवडतो, कारण त्यात गरिबाच्या जेवणाचा अपमान नाही.

पण यातला 'पोटभर' हा शब्द पाहा. म्हातारपणी तोच निसटतो. दात जातात, भूक मंदावते, 'आता कमीच खावं' असं शेजारीपाजारी सांगतात. घास कमी झाला की त्याच्याबरोबर प्रथिनंही कमी होतात, आणि स्नायूंची गरज मात्र घटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं धरली. साठ किलोच्या माणसाला ती पन्नास ग्रॅम होतात. पासष्टीपुढच्यांसाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१३ साली किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवले, म्हणजे साठ ते बहात्तर. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा.) दोन वेळा चहा-खारी, दुधात कुस्करलेली चपाती आणि थोडा वरणभात अशा दिवसाची बेरीज मी केली. ती तीसच्या आसपास थांबते. मांड्यांतली ताकद जाते, जिन्यात तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

दूध, अंडी, मासे, मटण यांतली प्रथिनं शरीर जवळजवळ पूर्ण वापरतं. डाळीत एक घटक कमी पडतो, तांदूळ-गव्हात दुसरा. दोन्ही एकत्र आले की उणीव भरून निघते. डाळींच्या या स्वभावाचा अभ्यास केला कमला सोहोनी यांनी. त्यांचाही जन्म १९११ चाच. मुलगी म्हणून रामन यांनी आधी प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत आणि बंगळूरला दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून दाखवलं. पुढे मुंबईत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांतली, प्रथिनांचं पचन रोखणारी द्रव्यं तपासली. कच्च्या वालात ती असतात, नीट शिजवल्यावर बरीचशी निकामी होतात.

आमच्या ठाणे-रायगड भागात भात कापल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर वाल पिकतो. रात्री भिजवायचा, फडक्यात बांधून मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा आणि मऊ शिजवायचा. बिरड्याचा हा खटाटोप म्हणजे आज्यांनी शोधलेली पचनाची युक्तीच. आमच्याकडे मोहरमात खिचडा होतो. गहू, डाळी आणि मटण रात्रभर शिजवून इतकं घोटतात की दात नसलेल्यालाही पुरतं खाता यावं. माझी अम्मी शेवटच्या वर्षांत चपातीला हात लावत नसे, खिचड्याची वाटी मात्र चाटूनपुसून संपवायची.

रोज खिचडा कुठून आणणार? १९९५ च्या योजनेतलं कामगारांचं किमान निवृत्तिवेतन २०१४ साली महिना एक हजार ठरलं. दिवसाला तेहतीस रुपये. पाव लिटर दूध आणि दोन अंडी घेतली की त्यातले बहुतेक संपतात. डाळ आणि रक्तदाबाची गोळी अजून घ्यायचीच असते.