स्ट्रॉबेरी : तोडणीनंतरची निगा

स्ट्रॉबेरी तोडल्यापासून खाणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत ताजी राहावी म्हणून केलेली हाताळणी, थंड करणे, बांधणी आणि साठवण. महाराष्ट्रात स्ट्रॉबेरीचे मुख्य क्षेत्र सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर–पाचगणीचा डोंगरपट्टा. तेथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आंबा अढीत पिकतो, स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. तिचा रंग थोडा गडद होतो, गोडी मात्र वाढत नाही. लांबच्या बाजारासाठी अर्धे-पाऊण लाल झालेले फळ तोडतात. ते प्रवासात टिकते, पण चवीतली उणीव पुढे कशानेही भरून निघत नाही.

फळात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि जाड साल नसते, त्यामुळे बोटाचा दाबही त्याला इजा करतो. म्हणून फळ ओढून न काढता देठ नखाने खुडतात आणि हिरवी टोपी तशीच ठेवतात. तोडणी सकाळच्या गारव्यात, दव सुकल्यावर करावी. शेतातच प्रतवारी करून फळ थेट छिद्रे असलेल्या पनेटमध्ये (छोट्या डब्यात) भरले, तर त्याला पुन्हा हात लावावा लागत नाही.

सर्वांत मोठी हानी उष्णतेने होते. २० अंश सेल्सिअसला फळाचे श्वसन ० अंशाच्या सुमारे दहापट असते आणि फळ लवकर खराब होते. त्यामुळे तोडणीनंतर शक्यतो तासाभरात पूर्वशीतकरण, म्हणजे साठवणीआधी फळ झपाट्याने गार करणे, सुरू व्हावे. शीतगृहात नुसत्या रचून ठेवलेल्या पनेटच्या पेट्या आतपर्यंत निवायला फार वेळ घेतात. म्हणून पंख्याच्या साहाय्याने थंड हवा पेट्यांच्या छिद्रांतून खेचली जाते. ० अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता राखल्यास चांगले फळ आठवडाभर टिकते. वाटेत ही थंडी तुटली की गार फळावर पाणी सुटते आणि बुरशीला वाव मिळतो.

सडण्याचे प्रमुख कारण म्हणजे बॉट्रायटिस सिनेरिया ही करडी बुरशी. ती बहुधा फुलातच शिरून दडून राहते आणि फळ पिकल्यावर डोके वर काढते. ० अंशालाही ती मंदावते, थांबत नाही. एका फळावरून ती शेजारच्या फळावर पसरते, त्यामुळे डागाळलेले फळ पेटीत जाताच कामा नये. कॅलिफोर्नियातून दूर जाणाऱ्या मालाच्या थप्पीला प्लास्टिकचे आवरण घालून आत कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक ठेवल्यास बुरशीची वाढ मंदावते.

घरी फळे न धुता फ्रिजमध्ये ठेवावीत. खाण्याच्या वेळी आधी धुऊन मग टोपी काढावी, म्हणजे पाणी आत शिरत नाही.