‘कहि देबे संदेस’ : रायपूरमधील एक प्रेमकथा आणि प्रेक्षकमताचा प्रश्न

चित्रपटाच्या इतिहासलेखनात ‘प्रेक्षकांची मते संमिश्र होती’ हे विधान वारंवार आढळते. मते कोणाची होती, ती चित्रपट पाहून बनली होती की पाहण्यापूर्वीच ठरली होती, याचा विचार मात्र क्वचित केला जातो. १९६५ साली प्रदर्शित झालेल्या ‘कहि देबे संदेस’ या पहिल्या छत्तीसगढी चित्रपटाच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. रायपूर शहरात या चित्रपटाविषयी जो मतभेद निर्माण झाला, त्याचा बराचसा भाग पडद्यावर एकही दृश्य येण्यापूर्वीच आकारास आला होता.

चित्रपटाचे निर्माते, लेखक व दिग्दर्शक मनु नायक हे रायपूर परिसरातील कुर्रा गावचे. १९५७ च्या सुमारास ते मुंबईस गेले आणि महेश कौल व पंडित मुखराम शर्मा यांच्या ‘अनुपम चित्र’ या संस्थेत काम करू लागले. १९६३ मध्ये ‘गंगा मैया तोहे पियरी चढइबो’ या पहिल्या भोजपुरी चित्रपटाला मोठे यश लाभले. बोलीतील चित्रपटालाही प्रेक्षक मिळू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. विधवाविवाहासारखा सामाजिक प्रश्न त्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. नायक यांनी याच वाटेने जाण्याचे ठरविले. पलारी गावात चित्रीकरण झाले. गीते हनुमंत नायडू ‘राजदीप’ यांची व संगीत मलय चक्रवर्ती यांचे होते. महंमद रफी, मन्ना डे, महेंद्र कपूर यांच्यासह मराठी भावगीतांमुळे महाराष्ट्रात घरोघरी परिचित असलेल्या सुमन कल्याणपूर यांनीही यासाठी पार्श्वगायन केले. कान मोहन व सुरेखा पारकर यांच्या प्रमुख भूमिका होत्या.

कथा प्रेमाची असली तरी रूढ प्रेमकथेच्या चौकटीत बसणारी नव्हती. नायक सतनामी समाजातील आणि नायिका ब्राह्मण. गुरू घासीदास (१७५६-१८५०) यांच्या शिकवणुकीतून उभा राहिलेला सतनाम पंथ हा छत्तीसगढच्या सामाजिक इतिहासातील एक प्रमुख प्रवाह होय. जातिभेद व मूर्तिपूजा नाकारणाऱ्या या पंथाच्या अनुयायांना सवर्ण समाजाने मात्र अस्पृश्यच मानले. या भूमीत सुधारणेची परंपरा नव्हती असे नाही. राजीमचे पंडित सुंदरलाल शर्मा (१८८१-१९४०) यांनी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी कार्य केले. नोव्हेंबर १९३३ मध्ये हरिजन यात्रेच्या निमित्ताने महात्मा गांधी रायपूरला आले. परंतु देवळाचा दरवाजा उघडणे आणि घराचा उंबरठा ओलांडू देणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. १९४९ च्या कायद्याने हिंदूंमधील आंतरजातीय विवाहांना वैधता दिली होती आणि १९५५ पासून अस्पृश्यतेचे आचरण दंडनीय ठरले होते. कायद्याने मान्य केलेली गोष्ट समाजमनाने स्वीकारली होती काय, या प्रश्नाची परीक्षा एका चित्रपटगृहाच्या दारात झाली.

हिंदी चित्रपटाला हा विषय नवा नव्हता. ‘अछूत कन्या’ (१९३६) आणि ‘सुजाता’ (१९५९) या दोन्ही चित्रपटांचा त्या संदर्भात नेहमी उल्लेख होतो. परंतु त्या दोन्ही कथांत पुरुष ब्राह्मण आणि स्त्री अस्पृश्य आहे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत तो अनुलोम संबंध होय. ‘कहि देबे संदेस’ने ही दिशा उलटविली. प्रतिलोम संबंधाकडे परंपरेने सदैव अधिक कठोरपणे पाहिले आहे, कारण स्त्रीवरील नियंत्रण हे जातीच्या सीमारक्षणाचे मुख्य साधन होते. शिवाय हिंदी चित्रपटातील गाव प्रेक्षकापासून दूर कोठेतरी असे. येथे गाव ओळखीचे होते, भाषा घरची होती आणि जातींची नावेही शेजाऱ्यांची होती. उदारमतवादी प्रेक्षकाला ‘सुजाता’ पाहताना जे अंतर उपलब्ध होते, ते येथे उरले नाही.

त्यामुळे विरोध झाला. चित्रपटावर बंदी घालावी अशी मागणी पुढे आली. रायपूरच्या मनोहर टॉकीजमध्ये ठरलेला पहिला खेळ रद्द झाला आणि १६ एप्रिल १९६५ रोजी चित्रपट दुर्ग येथे प्रदर्शित करावा लागला. दुसरीकडे, सतनामी समाजातून आलेल्या खासदार मिनीमाता यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींचा त्याला पाठिंबा लाभला. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री इंदिरा गांधी यांनी चित्रपटाचा काही भाग पाहून तो राष्ट्रीय एकात्मतेस पोषक असल्याचा अभिप्राय दिला. पुढे करमाफी मिळाल्यावर तो रायपूरमध्येही लागला. येथे एक विसंगती दिसते. ज्यांच्या मताने प्रदर्शन थांबले त्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. ज्यांच्या मताने मार्ग मोकळा झाला तेही त्याचे सामान्य प्रेक्षक नव्हते. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाचा क्रम सर्वांत शेवटी लागला.

गीतांचे भाग्य मात्र वेगळे होते. रायपूरचे आकाशवाणी केंद्र ऑक्टोबर १९६३ मध्ये सुरू झाले होते. चित्रपटातील गीते नभोवाणीवरून छत्तीसगढच्या घराघरांत पोहोचली आणि लोकप्रिय झाली. कथा न रुचणाऱ्या घरांतही गीतांना मज्जाव झाला नाही. गीत ऐकताना गाणाऱ्या पात्राची जात विचारावी लागत नाही. कथा पाहताना ती टाळता येत नाही. एकाच कलाकृतीविषयी स्वीकार व नकार एकत्र नांदतात ते असे. अर्धशतकानंतर, २०१६ साली, ‘सैराट’च्या बाबतीत महाराष्ट्राने जवळपास हेच अनुभवले. तेथेही मुलगी वरच्या मानलेल्या जातीची होती. वरातीत त्यातील गाण्यांवर नाचणे आणि त्यातील प्रेमाला आक्षेप घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच समाजात घडत होत्या.

‘कहि देबे संदेस’नंतर १९७१ मध्ये ‘घर द्वार’ हा दुसरा छत्तीसगढी चित्रपट आला. त्याने कुटुंबजीवनाचा तुलनेने निर्विवाद विषय निवडला. त्यानंतर या भाषेतील चित्रपटाला खरी गती मिळाली ती २००० साली, राज्यनिर्मितीच्या अगदी तोंडावर आलेल्या ‘मोर छंइहा भुंइया’मुळे. मधल्या काळातील मंदगतीस लहान बाजारपेठ व भांडवलाचा अभाव कारणीभूत होता, हे मान्य करावे लागते. तरीही पहिल्याच निर्मात्याला आपला चित्रपट आपल्याच शहरात प्रथम दाखविता आला नाही, ही घटना पुढे येणाऱ्यांनी विषय निवडताना विसरणे कठीण होते. म्हणून या चित्रपटाविषयीच्या मतभेदाला अभिरुचीचा मतभेद म्हणणे अपुरे आहे. कोणते प्रेम कोणी कोणावर करावे, आणि ते कोणाच्या गावात दाखवावे, या अधिकाराचा तो वाद होता.