छायाचित्रांतील निर्मनुष्य रस्ते

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांची छायाचित्रे दाखविताना यजमान बहुधा एवढेच म्हणतात, की मागची पिढी मोठी करारी होती. ताठ मान, रोखलेले डोळे, हास्याचा मागमूस नाही. त्या पिढीच्या करारीपणाविषयी आम्हांस शंका घ्यावयाची नाही. मात्र त्या मुद्रेत स्वभावाइतकाच वाटा घड्याळाचाही आहे. वाडे मोडून कुटुंबे सदनिकांत जात आहेत, चित्रांच्या वाटण्या होत आहेत, आणि 'पुसट', 'हललेले' म्हणून काही चित्रे रद्दीत निघत आहेत. तेव्हा ही चित्रे वाचावीत कशी, याचा थोडा विचार आजच व्हावयास हवा.

छायाचित्र म्हणजे क्षण पकडणे, ही आपली समजूत अलीकडची आहे. फ्रान्समध्ये निसेफोर नीप्स याने 1826-27 च्या सुमारास आपल्या खिडकीतून घेतलेल्या चित्राला निदान आठ तास प्रकाश द्यावा लागला. काही अभ्यासक तर कित्येक दिवस लागले असावेत असे मानतात. त्यामुळे समोरासमोरच्या भिंती दोन्हीही उन्हात दिसतात. सकाळ आणि संध्याकाळ एकाच पत्र्यावर उमटली! पुढे 1838 मध्ये दागेर याने पॅरिसमधील एका वर्दळीच्या रस्त्याचे चित्र घेतले. त्याला काही मिनिटे लागली. तेवढ्यात गाड्या, घोडे, पादचारी आले आणि गेले. पत्र्यावर त्यांपैकी कोणीच उमटले नाही. उरला तो एका कोपऱ्यात बुटांना पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, कारण तो एका जागी उभा होता. आणि त्याच्या पायाशी पॉलिश करणाऱ्याची पुसटशी आकृती.

आपल्याकडे जी जुनी चित्रे सापडतात त्यांतील पुष्कळशी याच्या पुढच्या टप्प्याची, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवरून छापलेली असतात. इंग्लंडात फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 मध्ये कोलोडियनची ओली काच प्रचारात आणली. काचेवर कोलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, लगोलग काळोख्या तंबूत धुवावयाची. काच वाळली की सारे श्रम वाया. आपल्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल, याची कल्पना वैशाखात माळव्यात राहिलेल्यांस वेगळी द्यावयास नको. भिंगाला झडप नसे. छायाचित्रकार हाताने टोपण काढी, मनात आकडे मोजी आणि टोपण पुन्हा लावी. वाऱ्याने पाने हलू लागली की टोपण झाकावयाचे, वारा पडला की पुन्हा काढावयाचे, असा हप्त्याहप्त्यानेही प्रकाश दिला जाई. हे शास्त्र खरे, पण त्यात हाताचा अंदाज शास्त्राहून कमी नव्हता.

इंदूरला या कलेचा मोठा वारसा आहे. मीरतजवळच्या सरधन्याचे, रुडकीस अभियांत्रिकी शिकलेले लाला दीनदयाळ 1866 मध्ये इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस आले आणि 1874 च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा आणि सर हेन्री डेली यांचा त्यांना आश्रय मिळाला. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत 1882-83 मध्ये त्यांनी मध्य भारतातील स्थळे टिपली. त्यांतील 86 चित्रांचा ग्रंथ 1886 मध्ये निघाला. त्यानंतरची त्यांची कीर्ती हैदराबादची, सहाव्या निजामांच्या दरबारातली. 1905 मध्ये ते वारले. त्यांच्या 2,857 काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

त्या काळातील किल्ल्यांची व देवळांची चित्रे पाहून अनेकांना वाटते, की ती स्थळे तेव्हा ओसाड पडली होती. काही पडलीही असतील. परंतु मंद काचेवर नुसत्या चालत्या माणसाची नोंदच होत नाही. पायरीवर कोणी बसलेला दिसला, तर तो बहुधा इमारतीची उंची कळावी म्हणून मुद्दाम बसविलेला असतो. झाडूवाला, पाणक्या, फुले घेऊन लगबगीने जाणारी बाई ही सारी मंडळी तेथे असूनही चित्रात नाहीत. दगडी फरशीवर एखादा करडा धूसर पट्टा दिसतो, तोच काय तो त्यांचा पुरावा. म्हणूनच 'हललेली' चित्रे टाकून देणे आम्हांस मान्य नाही.

घरगुती चित्रांचेही हेच. स्टुडिओत उत्तरेच्या मंद उजेडात बसावयाचे, आणि काही सेकंद, कधी दहा-पंधरासुद्धा, हलावयाचे नाही. इतका वेळ हसू टिकत नाही. टिकविले तर वेडावल्यासारखे दिसते. मान डळमळू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत. उभ्या माणसाच्या जोड्यांमागे त्याची बैठक कित्येकदा डोकावते. मांडीवरच्या मुलाचे डोके धुरासारखे झाले असेल, तर ते मूल जिवंत आणि खट्याळ होते, एवढे निश्चित समजावे. शिवाय या काचांना निळा रंग फार आणि तांबडा जवळजवळ मुळीच कळत नसे. त्यामुळे आकाश कोरे पांढरे, तांबडी पगडी काळीभोर, कुंकूही काळे. घराण्यात गोरीपान म्हणून नावाजलेली पणजी चित्रात सावळी दिसते, त्याचे कारणही हेच. यावरून घरोघरी झालेले वाद आता मिटावयास हरकत नाही.

रिचर्ड मॅडॉक्स याने 1871 मध्ये जिलेटीनच्या कोरड्या काचेची वाट दाखविली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती काच बाजारात रुळली. ती ओल्या काचेहून कितीतरी तरल. उघड्यावरची माणसे आता थोडक्या क्षणात टिपता येऊ लागली. पण गंमत अशी, की तीच काच दीर्घकाळ प्रकाश देण्यासही अधिक सोयीची ठरली, कारण ती वाळण्याची भीती उरली नाही. अंधाऱ्या गाभाऱ्यात वा लेण्यात तिपाईवर कॅमेरा ठेवून, बाहेरचे ऊन आरशाने आत वळवून, भिंग वाटेल तितका वेळ उघडे ठेवता येई. आरसा मात्र सतत हलता ठेवावा लागतो. थांबला की तेथे पांढरा डाग उमटतो. काळे कपडे घातलेला मनुष्य या वेळी भिंगासमोरून चालत गेला तरी बिघडत नाही, फक्त त्याने थांबू नये.

फार मंद उजेडात एक अडचण येते, ती जर्मन ज्योतिर्विद कार्ल श्वार्झशिल्ड यांनी ताऱ्यांच्या चित्रांवरून नेमकी मांडली. उजेड निम्मा झाला तर वेळ दुप्पट, हे गणित तेथे फसते. दुपटीहूनही अधिक वेळ द्यावा लागतो. फिल्म वापरणारे यासाठी कोष्टके जवळ बाळगत. अंकीय कॅमेऱ्यात हा दोष नाही. तेथे फार वेळ घेतल्यास चित्रात रवाळपणा व भलतेच ठिपके येतात.

निजामांच्या राज्यातील अजिंठ्याशी या तंत्राचे नाते अलीकडेही जुळले. 1991 मध्ये बेनॉय बहल यांनी तेथील भित्तिचित्रे प्रखर दिव्यांवाचून, अत्यल्प उजेडात, भिंग दीर्घकाळ उघडे ठेवून टिपली. प्रखर प्रकाशाने रंगांस इजा होते, म्हणून ही वाट. आणि जे रंग लेण्यातल्या काळोखात डोळ्यांना नीट लागत नाहीत, ते कॅमेऱ्याने थेंबाथेंबाने साठविले.

आज पूर्वीची अडचण हौस झाली आहे. भरदुपारी भिंगावर गडद काच लावतात. प्रकाश सुमारे हजारपटीने घटविणारी काच लावली, की एक तीसांश सेकंदाचे काम सुमारे चौतीस सेकंदांवर जाते. नर्मदेचे पाणी सायीसारखे होते, आणि देवळाच्या आवारातील सहल भिंगापुढून विरघळून जाते. राहतो तो कोपऱ्यात बसलेला फुलवाला, कारण त्याला कोठे जावयाचे नसते.