फोल्क्सवागन बीटल इंजिन : मोठ्या सिलिंडर-पिस्टनांची निवड

हवेने थंड होणाऱ्या या जुन्या इंजिनाची फेरबांधणी करताना मूळ सिलिंडर व पिस्टन (दट्ट्ये) काढून त्यांच्या जागी अधिक व्यासाचा संच बसवण्याची पद्धत. क्रँकशाफ्ट न बदलता इंजिनाची घनक्षमता वाढवण्याचा हा सर्वांत प्रचलित मार्ग होय. किती मोठा संच बसू शकतो यापेक्षा सिलिंडरची भिंत किती जाड उरते आणि उष्णता बाहेर कशी पडते, यावर ही निवड ठरते.

रचना व मूळ मापे : फ्रान्त्स क्साव्हर राइमश्पीस यांनी आखलेल्या या इंजिनात चार सिलिंडर समोरासमोर आडवे असतात. प्रत्येक सिलिंडर फिन असलेला, बिडाचा आणि सुटा असतो. मॅग्नेशियम मिश्रधातूचा क्रँककेस आणि ॲल्युमिनियमचे हेड यांच्यामध्ये तो लांब स्टडांनी आवळला जातो. जुन्या बुलेट मोटारसायकलचा सिलिंडर झिजला की तो रिबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. बीटलमध्ये मात्र सहसा चार सिलिंडर, पिस्टन व रिंगा असा पूर्ण संचच बदलतात.

कारखान्यानेही घनक्षमता मुख्यतः बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वाढवून वाढवली. ६४ मिमी स्ट्रोकवर (पिस्टनच्या एका फेरीची लांबी) ७०, ७५ व ७७ मिमी बोअरने अनुक्रमे ९८५, ११३१ व ११९२ घसेंमी. क्षमता मिळाली. स्ट्रोक ६९ मिमी झाल्यावर ७७, ८३ व ८५.५ मिमी बोअरने ती १२८५, १४९३ व १५८४ घसेंमी. झाली. यांतील शेवटचे इंजिन ‘१६००’ म्हणून ओळखले जाते.

उपलब्ध मापे : ६९ मिमी स्ट्रोक कायम ठेवल्यास ८७ मिमी बोअरने १६४१, ८८ ने १६७९, ९०.५ ने १७७५, ९२ ने १८३५ आणि ९४ ने १९१५ घसेंमी. क्षमता मिळते. ८७ व ८८ मिमीचे काही संच १६०० च्या मूळ भोकांतच बसतात, त्यामुळे मशीनिंगचा खर्च वाचतो. बाहेरचे माप तेच राहून आतले वाढल्याने ८७ मिमीच्या सिलिंडरची भिंत मूळ भिंतीपेक्षा ०.७५ मिमीने, तर ८८ ची १.२५ मिमीने पातळ होते. ९०.५ पासून पुढे क्रँककेस व हेड दोन्हींची भोके मोठी करावी लागतात. ९२ मिमीचा नेहमीचा संच ९०.५ साठी केलेल्या भोकातच जातो, म्हणून त्याचीही भिंत ९०.५ च्या भिंतीपेक्षा ०.७५ मिमीने पातळ असते. ९४ साठी भोक आणखी मोठे करतात. परिणामी त्याची भिंत ९२ पेक्षा जाड राहते.

भिंतीचे महत्त्व : पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक इंजिनांत सिलिंडरला ब्लॉकचा आधार असतो, येथे तो एकटा उभा असतो. भिंत पातळ असली की तापल्यावर आणि स्टड आवळल्यावर सिलिंडरची गोलाई बिघडते व रिंगा नीट टेकत नाहीत. मग जळालेले वायू खाली क्रँककेसमध्ये उतरतात, ऑइल वर चढते आणि तापतेही. याच कारणाने ८८ मिमीचे पातळ संच बदनाम आहेत. क्रँककेसमध्ये मोठी भोके केल्यावर स्टडांभोवती कमी धातू उरतो; त्यामुळे आटे उखडू नयेत म्हणून तेथे पोलादी इन्सर्ट बसवतात.

कॉम्प्रेशन रेशो : बोअर वाढला आणि दहनकक्ष तेवढाच राहिला, तर संपीडन आपोआप वाढते. समजा, हेडमधील कक्ष ५० घसेंमी. आहे आणि पिस्टन सर्वांत वर असताना त्याचा माथा सिलिंडरच्या कडेपासून १.५ मिमी खाली राहतो. या स्थितीत ८५.५ मिमीला रेशो सुमारे ७.८ येतो, ९०.५ ला सुमारे ८.४. माथ्यावरचे हे अंतर मोजून सिलिंडरच्या तळाशी शिम घालतात किंवा हेडमधील कक्ष मोठा करतात. तसे न केल्यास हलक्या पेट्रोलवर इंजिन ठोके देते आणि हेड तापतात.

जुळणी : ओतीव पिस्टनांना थंड असताना सिलिंडरशी कमी फट पुरते. घडीव पिस्टन अधिक ताण सोसतात, पण त्यांना जास्त फट लागते व थंड इंजिन काही वेळ खडखडते. चारही पिस्टनांचे वजन ताडून पाहतात. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधील फट फीलर गेजने मोजतात. पिस्टनच्या माथ्यावरील बाण फ्लायव्हीलकडे ठेवतात.

थंडावा व वापर : सिलिंडर मोठे केले तरी मूळ पंखा तेवढीच हवा देतो. पंख्याच्या कवचातील जुना ऑइल कूलर तिसऱ्या सिलिंडरकडे जाणारी हवा अडवतो. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवल्याने हा दोष कमी झाला. मोठ्या संचाबरोबर ही नंतरची रचना आणि हवा वळवणारे सर्व पत्रे जागेवर असणे आवश्यक ठरते. मूळ कॅमशाफ्ट व एकाच कार्बोरेटरवर मोठा बोअर मुख्यतः कमी वेगातला टॉर्क वाढवतो. जास्त वेगातली ताकद हवी असल्यास हेड, कॅम व कार्बोरेटरही बदलावे लागतात. रोजच्या गाडीला मूळ ८५.५ मिमीचा चांगला संच पुरेसा होतो. मशीनिंगची तयारी असल्यास ९०.५ ची जाड भिंत सर्वांत निर्धोक ठरते. ९४ ची निवड क्रँककेस शाबूत आणि कूलिंगची सोय पक्की असेल तरच करतात.