अंधारातली पारख

शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर ज्याचा समावेश होता, ते दक्षिण पिनाकिनीजवळचे होसकोटे मराठी वाचकाच्या स्मरणात राहावे असे एक प्रकरण १७६८ साली तेथे घडले. इंग्रजांच्या बाजूने तेथे तळ देऊन राहिलेल्या गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीच्या घोडदळाने रात्री छापा घातला, तेव्हा आपल्या एकाही स्वाराने घोड्यावर मांड टाकू नये, प्रत्येकाने आपापल्या घोड्याच्या तोंडाशी उभे राहावे, असा हुकूम मुराररावांनी सोडला. घोड्यावर जो दिसेल तो गनीम, एवढी खूण फौजेस पुरेशी झाली आणि छापा फसला. विल्क्सच्या म्हैसूरच्या इतिहासात ही हकीकत आहे. चेहरा दिसत नसता केवळ उभे राहण्याच्या रीतीवरून पारख करण्याची ती बुद्धी मला असामान्य वाटते, आणि त्याच कसब्याजवळ आज चालणाऱ्या एका शास्त्राशी तिचे निकट नाते आहे असेही वाटते.

भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे केंद्र होसकोट्यास आहे. लडाखात हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर उभारलेली दोन मीटर व्यासाची दुर्बीण येथूनच उपग्रहाच्या दुव्याने चालविली जाते. आदित्य-एल१ या यानावरील सूर्यप्रभामंडलाचा वेध घेणारे प्रमुख उपकरणही येथेच सिद्ध होऊन २६ जानेवारी २०२३ रोजी इस्रोच्या स्वाधीन झाले. प्रभामंडलातील चुंबकक्षेत्र जाणण्यासाठी ते उपकरण प्रकाशाचे ध्रुवण, म्हणजे त्याच्या तरंगांच्या स्पंदनाची दिशा, तपासते. जेथे हात पोहोचणे अशक्य, तेथील वार्ता तरंगाच्या ठेवणीतून काढून घेते.

हेच ध्रुवणशास्त्र समुद्रावरील बर्फाची जाडी अजमावण्यास उपयोगी पडले. पूर्वी ही मोजणी अत्यंत कष्टाची होती. १८९३ ते १८९६ च्या ध्रुवीय मोहिमेत ‘फ्राम’ जहाज बर्फात अडकवून घेऊन वाहत जाणारा नॉर्वेजियन संशोधक नान्सेन बर्फास भोके पाडून ती करीत असे. १९५८ साली ‘नॉटिलस’ पाणबुडी ध्रुवाखालून गेली, तेव्हा वरच्या बर्फाचा थर ध्वनिलहरींनी खालून मोजता आला. गोव्याहून डिसेंबर १९८१ मध्ये अंटार्क्टिकाकडे निघालेल्या पहिल्या भारतीय मोहिमेलाही बर्फाशी गाठ घालावयाची होती ती समक्षच. परंतु हिवाळ्यातली दीर्घ रात्र आणि ढगांचे आच्छादन असलेल्या अफाट ध्रुवीय मुलखाची पाहणी भोके पाडून कितीशी होणार?

रडारास अंधार किंवा ढग आडवा येत नाही. नवे, पातळ बर्फ खारट असते. त्यावर तिरप्या पडलेल्या लहरींपैकी उभ्या ध्रुवणाच्या लहरी आडव्यांपेक्षा अधिक जोराने परततात. बर्फ वाढत जाते तसतसा त्यातील क्षार निथळतो आणि ही तफावत मंदावते. त्या तफावतीवरून जाडीचा अदमास बांधता येतो. अनेक उन्हाळे पाहिलेल्या जुन्या बर्फात हवेचे बुडबुडे असतात; तेथे लहरी आत शिरून विखुरतात आणि काही अंशी आपल्या स्पंदनाची दिशाच बदलून परत येतात. २००७ साली अवकाशात गेलेल्या कॅनडाच्या रडारसॅट-२ ने या सर्व दिशा टिपण्याची सोय केली. आपल्या रिसॅट-१ ने २६ एप्रिल २०१२ रोजी अवकाशात जाऊन वर्तुळाकार ध्रुवणाच्या लहरी सोडण्याची व परतीस त्यांचे आडवे-उभे घटक वेगळे नोंदण्याची मितव्ययी रीत अवलंबिली.

तथापि या अदमासाची हद्द ओळखली पाहिजे. लहर खाऱ्या बर्फात खोल जात नाही. ती पृष्ठभागाची साक्ष देते, आणि जाडी आपण त्या साक्षीवरून अनुमानितो. वाऱ्याने रचलेले बर्फाचे बांध किंवा वितळत्या बर्फावर साचलेले पाणी ती साक्ष बिघडवितात. म्हणूनच ओखोत्स्कच्या समुद्रावर विमानातून रडार चालविणाऱ्या जपानी संशोधकांनी उभ्या-आडव्या लहरींची आपली गुणोत्तरे प्रत्यक्ष मोजलेल्या जाडीशी ताडून पाहिली, आणि त्यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला, नासा व इस्रो यांचा निसार उपग्रह सुमारे २४ व ९ सेंटीमीटरच्या दोन लहरी वापरतो. त्यांतील लांब लहर जुन्या, निथळलेल्या बर्फात अधिक खोल उतरते. तिच्या नोंदी लावावयाच्या असतील तर खाली बर्फावर भोके पाडणारी माणसे पूर्वीइतकीच लागतील.