मोसम, आगोट आणि दर्यावरची यात्रा

आपल्या समाजातील तरुण मंडळी अलीकडे सुट्टीचे बेत आखताना मोरजी, मांद्रे, हरमल ही पेडणे महालातील किनाऱ्यावरची गावे आवर्जून निवडू लागली आहेत. त्यांपैकी कित्येकांना तेथे नुसते समुद्रस्नान करावयाचे नसते. फळीवर उभे राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येण्याचा जो खेळ, ज्याला सर्फिंग म्हणतात, तो त्यांना शिकावयाचा असतो. खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांकडचा. परंतु आपल्या देशात त्याने ज्या मोजक्या ठिकाणी मूळ धरले, त्यांत मुल्की हे गाव अग्रभागी आहे. आणि मुल्कीचे श्रीवेंकटरमण देवस्थान आमच्या वाचकांस ठाऊक नाही असे नव्हे. तेथेच २००४ च्या सुमारास एका अमेरिकन वैष्णव संन्याशाने आपल्या आश्रमात या खेळाचे शिक्षण देण्यास आरंभ केला. तेव्हा हा खेळ आपल्याला परका आहे, अशी नापसंती दर्शविण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न आहे तो केव्हा जावे एवढाच.

डिसेंबरात गोव्यात पर्यटकांची रीघ लागते आणि खोल्यांची भाडी गगनाला भिडतात. यास्तव मोसम टाळून जावे, हा विचार साहजिक आहे. जानेवारी २०२३ पासून मोप येथील विमानतळ सुरू झाल्याने तर प्रवासी थेट पेडण्यातच उतरतो. तथापि ‘मोसम नाही’ या दोन शब्दांत दोन अगदी भिन्न अर्थ दडलेले आहेत, आणि त्यांची गल्लत झाली तर ती प्राणांवर बेतते.

‘मोसम’ हा शब्द मूळचा अरबी. अरबी समुद्रावरील खलाशी तो वाऱ्याच्या ठराविक काळास, म्हणजेच जहाजे हाकारण्याच्या काळास, लावीत. त्याच शब्दापासून पोर्तुगीजांनी ‘मोन्सांव’ केला, इंग्रजांनी ‘मान्सून’ केला, आणि आपल्याकडे आंब्यापासून लग्नापर्यंत सर्वांस मोसम प्राप्त झाला. तात्पर्य, हॉटेलवाला ज्यास मोसम म्हणतो तो भाड्याचा मोसम होय. दर्यावर्दी ज्यास मोसम म्हणत आला तो वाऱ्याचा. पहिला माणसाने ठरविलेला, दुसरा निसर्गाने.

वाऱ्याच्या मोसमापुढे बलाढ्य राज्यसत्तांनाही मान तुकवावी लागली, याची साक्ष गोव्याचा इतिहास देतो. पोर्तुगीज जहाजे मार्चच्या सुमारास लिस्बन सोडीत, ती सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यास लागत, आणि डिसेंबर-जानेवारीत परतीच्या वाटेस लागत. मधल्या पावसाळ्यास ते ‘हिवाळा’ म्हणत! १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने या ‘हिवाळ्याचे’ वर्णन केले आहे. त्या दिवसांत मांडवीच्या मुखाशी वाळूचे दांडे साचून वाट बंद होई आणि जहाजांना मुरगावचा आसरा घ्यावा लागे.

खुद्द आफोन्सु द आल्बुकेर्क यासही हा धडा मिळाला. १५१० च्या प्रारंभी त्याने गोवा घेतले, परंतु मे महिन्यात आदिलशाही फौज चालून आली आणि त्यास शहर सोडून गलबतांवर आश्रय घ्यावा लागला. तोवर आगोट लागली होती. समुद्रात निघावे तर मांडवीचे मुख बंद, किनाऱ्यावर उतरावे तर शत्रूच्या तोफा. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हे आरमार नदीतच कोंडून पडले, आणि खलाशांवर उंदीर व चामडे खाण्याची पाळी आली. पुढे २५ नोव्हेंबर १५१० रोजी त्याने गोवा पुन्हा जिंकले, ते पाऊस सरल्यावरच.

आपल्या किनाऱ्यावरील खारवी-गाबितांस हे ज्ञान परंपरेनेच आले. आगोटीपूर्वी होड्या वर ओढून झापांनी शाकाराव्यात, घरात चार महिन्यांचे पुरुमेंत भरावे, आणि श्रावणी पौर्णिमेस नारळ अर्पण केल्यावाचून दर्यात होडी घालू नये, ही त्यांची रीत. आजचा कायदाही याच वाटेने चालला आहे. १९८० च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाच्या आधारे गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. कायद्याने तारखा धरल्या, रूढीने तिथी धरली. ३१ जुलैस कायद्याची मुदत संपते, तरी पुष्कळ जुने मच्छीमार नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. कायदा मुख्यत्वे माशांच्या विणीचा विचार करतो, रूढी माणसाच्या जिवाचाही करते; वकिली व्यवसायात राहूनही या बाबतीत आम्ही रूढीच्या बाजूने कौल देऊ.

मग पावसाळ्यात आपले पूर्वज घरीच बसत काय? तसे नव्हे. सागरी यात्रा त्यांना परिचित होती. कदंब राजा गुहल्लदेव सोमनाथाच्या दर्शनास समुद्रमार्गे निघाला असता डोलकाठी मोडून त्यास गोव्याच्या बंदरात आश्रय घ्यावा लागला, आणि एका अरब व्यापाऱ्याने त्यास साहाय्य केले, असे कदंबांचे ताम्रपट सांगतात. परंतु पावसाळ्यातील यात्रा मात्र समुद्राकडे पाठ करून नदीकाठी वळत. डिचोली महालातील नार्वे येथे गोकुळाष्टमीस भरणारे पंचगंगेचे स्नानपर्व त्यांपैकीच. दिवाडी बेटावरील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय पोर्तुगीजांनी उद्ध्वस्त केल्यावर देवाने नदीपलीकडे याच नार्व्यास वास केला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तेथील देवालयाच्या कामास शके १५९० च्या कार्तिक वद्य पंचमीस, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ रोजी, आरंभ झाल्याचा शिलालेख दारावर आहे. अलीकडे त्या वास्तूचे जतनकार्य पूर्ण होऊन फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पुन्हा भाविकांस खुली झाली.

आता प्रस्तुत बेताकडे वळू. गर्दी टाळावयाची आणि लाटाही सुरक्षित हव्यात, तर वर्षात अशी दोन द्वारे उघडी असतात. पहिले, ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. दुसरे, शिगम्यानंतर मेच्या मध्यापर्यंत. या दिवसांत गोव्याच्या समुद्रातील लाटा सामान्यतः दीड मीटरच्या आत असतात. भर पावसाळ्यात त्याच तीन-चार मीटर व त्याहूनही उंच होतात. शिकाऊ माणसाने सकाळची वेळ साधावी. रात्रीपासून जमिनीकडून वाहणारी मतलई तोवर लाटेचा माथा सावरून धरते. दुपारी खारा वारा सुटला की पाणी विस्कटते. एप्रिल-मेमध्ये मतलई क्षीण होते, म्हणून तेव्हा तर पहाटच गाठावी. मंगळूरच्या बाजूस सर्फिंगची राष्ट्रीय स्पर्धा मेअखेरीस किंवा जूनच्या प्रारंभी भरते हे खरे. पण ते सराईतांचे काम आहे, नवशिक्यांनी त्यावरून अनुमान काढू नये.

आणखी एक पथ्य. मोरजीच्या वाळूत नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सागरी कासवे अंडी घालतात, आणि पिल्ले बाहेर पडण्यास पुढे दीड-दोन महिने लागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये त्यांना उपद्रव देणे हा गुन्हा आहे. वनखात्याने कुंपण घातलेल्या जागेतून फळी ओढीत नेऊ नये आणि रात्री तेथे दिवे पाजळू नयेत.

राहिले जून ते सप्टेंबर. त्या काळात खोली स्वस्त मिळते, डोंगर हिरवेगार होतात, आणि जाण्यास कोणाचीच हरकत नाही. मात्र कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक निराळे असते आणि वाटेत खोळंबाही होतो. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरून गाड्या बंद पडल्या होत्या. यास्तव पदरी एक-दोन दिवस अधिक ठेवावे. किनाऱ्यावर जीवरक्षकांनी लावलेला तांबडा बावटा दिसला तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नये, कारण परतणाऱ्या पाण्याची ओढ पोहणाऱ्यासही आत नेते. फळी घरीच ठेवून डिचोलीची वाट धरावी, मयेचे तळे पाहावे, नार्व्यास श्रीसप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यावे. दर्यावर जाण्याचा दिवस नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र निवळल्यावर, गावातील जाणत्या रापणकारास विचारून मग ठरवावा.