अजिंठ्याचे रंग आणि प्रकाशाची घडण

अजिंठा हे गाव सिल्लोड तालुक्यात असले, तरी त्या नावाने जगभर ओळखली जाणारी लेणी सोयगाव तालुक्यात, फर्दापूरजवळ वाघूर नदीच्या वळणावर आहेत. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या ती दृष्टीस पडली आणि पुढे त्यांतील भित्तिचित्रांचे रंग कागदावर व कापडावर उतरवण्याचे प्रयत्न सुरू झाले. या प्रयत्नांचा इतिहास रंगांइतकाच प्रकाशाचाही आहे.

चित्रकारांची रंगद्रव्ये, म्हणजे रंग देणारे खनिज वा काजळीसारखे पदार्थ, बहुतांशी परिसरातलीच होती: तांबडा व पिवळा गेरू, बेसाल्ट खडकातली हिरवी माती, चुना आणि काजळी. निळ्यासाठी मात्र पाचव्या शतकातल्या चित्रांत राजावर्त हे अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारे मौल्यवान खनिज वापरले गेले. दूरच्या व्यापाराचा इतका ठसठशीत पुरावा सह्याद्रीच्या या कड्यात क्वचितच दुसरा सापडेल.

न्यूटनने १६७२ साली प्रसिद्ध केलेल्या लोलकाच्या प्रयोगांतून दिसले की पांढरा प्रकाश हे अनेक रंगांचे मिश्रण असते. काचेत शिरताना व बाहेर पडताना किरण वळतात. जांभळा सर्वाधिक, तांबडा सर्वांत कमी. म्हणून ते विलग होऊन रंगांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, उमटतो. या प्रक्रियेला अपस्करण म्हणतात. रंगद्रव्य स्वतः रंग निर्माण करत नाही; पडलेल्या प्रकाशातला काही भाग ते शोषते व उरलेला परत पाठवते. तेलाच्या दिव्याच्या ज्योतीत निळा भाग अत्यल्प असल्याने तिच्या उजेडात राजावर्त काळपट दिसतो, तर दाराशी आलेल्या दिवसाच्या प्रकाशात तोच खुलतो. खोल गाभाऱ्याजवळच्या भिंतींवर ही अडचण सर्वाधिक जाणवते.

रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याने १८४४ नंतर अनेक वर्षे येथे राहून प्रतिकृती रंगवल्या. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांसह तयार केलेल्या प्रतींपैकीही अनेक १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. ही हानी मोठीच. पण मूळ चित्रांवर झालेला परिणाम त्याहून दीर्घकाळ टिकला, कारण चित्रे उठून दिसावीत म्हणून त्यांवर वॉर्निश चढवण्यात आले होते. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेले थर पक्के करण्यासाठी लाखेचा वापर केला. त्या उपायाने गिलावा सावरला, परंतु कालांतराने लाख पिवळी पडली. असा पिवळा थर वर्णपटातला निळा-जांभळा भाग शोषून घेतो, त्यामुळे त्याखालचा पांढरा पिवळसर आणि निळा हिरवट भासतो.

गुलाम याझदानी यांनी हैदराबाद संस्थानातर्फे १९३० ते १९५५ दरम्यान चार भागांत जे ग्रंथ काढले, त्यांचा आधार हाताने रंगवलेली प्रत नसून छायाचित्र हा होता, तरी लाखेआडून येणाऱ्या प्रकाशाची मर्यादा छायाचित्रालाही लागू होतीच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे हा थर अगदी थोडथोड्या भागांतून उतरवावा लागला, कारण चित्रे ओल्या चुन्यावर नव्हे, तर कोरड्या गिलाव्यावर डिंकासारख्या बंधकाने बांधलेली असल्याने लाखेबरोबर रंगही सुटून येण्याचा धोका असतो.